पातशाही अमदानीचा वारसा आणि आपल्या घरचे कागद



यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी सूचना मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. लहानपणी आजोबांनी मिरजोळ्याच्या आमच्या घराच्या पडवीत बसवून मोडी गिरवून घेतली, तेवढ्या भांडवलावर ज्ञातीतील घरोघरचे जुने कागद वाचून देण्याचे काम मजकडे चालत आले. त्या कामातूनच आजचा विषय निघाला आहे. त्यात माझी एक चूकही कबूल करावयाची आहे, म्हणून अखेर लेखणी हाती घेतली.

गेल्या वर्षीच्या सभेची हकीकत उपस्थित सभासदांना आठवत असेल. घराण्यांच्या वंशावळी व सनदा एकत्र छापून काढाव्यात असा विचार चालू होता. त्या वेळी आमच्या घराण्याच्या वतनपत्राची मोडी नक्कल मी वाचून दाखविली. तीत विजापूरच्या पातशहाचा उल्लेख आहे. तो ऐकून एका तरुण सभासदाने उभे राहून सूचना मांडली, की पूर्वजांचा पराक्रम व मानपान अवश्य छापावा, परंतु यावनी अमलाचा उल्लेख आणि फारसी शब्द गाळून छापावा. आपल्या मुलाबाळांच्या हाती परकीयांच्या चाकरीची आठवण कशाला द्यावयाची, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न कळकळीचा होता. त्यावर बराच वाद झाला आणि सभा तहकूब झाली. त्या प्रश्नाचे उत्तर सावकाश विचार करून द्यावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम त्या कागदाकडेच पाहू. त्याच्या माथ्यावर साल घातले आहे, ते ‘अर्बा अर्बैन व अलफ’ असे. शाळेत शिकलेल्या मनुष्यास हे मंत्रासारखे वाटेल. पण हे अरबी आकडे आहेत. अर्बा म्हणजे चार, अर्बैन म्हणजे चाळीस, अलफ म्हणजे हजार. एकूण एक हजार चव्वेचाळीस. हा सुहूर सन, यालाच अरबी सन असेही म्हणतात. यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. वर्षाचा उत्तरार्ध, म्हणजे जानेवारीपासून मेपर्यंतचे महिने असतील, तर ६०० मिळवावयाचे. तेव्हा आमचा कागद इ.स. १६४३-४४ या वर्षातला, मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीतला ठरतो.

या सनाची गंमत अशी, की त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सुरू होते. म्हणून त्याला मृगसाल हे आणखी एक नाव पडले. दिल्लीच्या मुहंमद तुघलकाच्या अमदानीत, सुमारे १३४४ साली, तो दख्खनेत सुरू झाला असे मानतात. हिजरी वर्ष चांद्र असते. ते दरसाल दहाअकरा दिवसांनी मागे सरकते. शेतकऱ्याचे पीक मात्र चंद्र पाहून येत नाही, ते पावसाबरोबर येते. सारा वसूल करावयाचा तर पंचांग पिकाशी जुळणारे हवे. म्हणून आकडे अरबी आणि वर्षारंभ मृगाचा, असा हा जोड झाला. मृग लागला की आपल्याकडे भाताच्या पेऱ्याची घाई सुरू होते. त्याच दिवसापासून सरकारी वर्ष धरावे, हे सुलतानाच्या दिवाणाला आपल्या कुणब्याने शिकविले, असे म्हटले तरी चालेल. पुढे शिवछत्रपतींच्या व पेशव्यांच्या दप्तरांतही हाच सन चालू राहिला. एका ओळीच्या सालात एवढा इतिहास आहे. ती ओळ गाळली तर कागदाचे वय सांगणारा साक्षीदारच आपण घालवितो.

आता ही अमदानी कोकणात आली कशी, ते थोडक्यात पाहू. १३४७ साली अलाउद्दीन हसन याने दिल्लीशी फारकत करून दख्खनेत बहमनी राज्य स्थापिले. राजधानी प्रथम गुलबर्गा व पुढे बीदर. घाटावर त्यांचा जम लवकर बसला, पण सह्याद्रीच्या खालचा मुलूख त्यांना सहजासहजी वश झाला नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुजार हा बहमनी सरदार मोठी फौज घेऊन खेळण्याकडे, म्हणजे आजच्या विशाळगडाकडे निघाला, तो वाटेतल्या रानात फौजेसह मारला गेला. शिर्के व खेळण्याचा राजा यांनी त्याला अडचणीच्या वाटेने नेऊन गाठले, असे इतिहास सांगतो. त्यानंतर १४६९ ते १४७२ या काळात इराणातील गिलान प्रांतातून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने खेळणा व संगमेश्वराकडील मुलूख जिंकून अखेर गोवाही घेतला. हा गावान मोठा विद्याव्यासंगी पुरुष होता. त्याने बीदरला बांधलेल्या मदरशाची भव्य इमारत आजही पाहावयास मिळते. परंतु दरबारातील दुहीने त्याचा घात केला. बनावट पत्राच्या आधारावर १४८१ साली सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. त्यापुढे ते राज्य टिकले नाही. त्याची पाच शकले झाली. त्यांपैकी विजापूरची आदिलशाही युसुफ आदिलखानाने स्थापिली आणि दक्षिण कोकण तिच्या वाट्यास आले.

त्या काळी आपल्या किनाऱ्याची मोठी पेठ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ. अरबस्तान व इराण येथून घोडे तेथे उतरत आणि घाट चढून बीदर-विजापूरकडे जात. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी बहमनी मुलुखात हिंडून परत निघाला, तो याच दाभोळच्या बंदरातून. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेदा याने दाभोळवर हल्ला करून शहर जाळले व माणसे कापली. १५१० साली गोवाही पोर्तुगीजांनी आदिलशाहीपासून हिसकावले. दाभोळच्या किनाऱ्यावरची घुमटाची मशीद, जिला अंडा मशीद म्हणतात, ती विजापूरच्या एका शाहजादीने सतराव्या शतकाच्या मध्यास बांधविली अशी आख्यायिका आहे. ज्यांना विजापूरला जाणे झाले नसेल, त्यांनी निदान ही मशीद पाहावी. त्या बांधणीचा एक तुकडा आपल्या दाराशीच उभा आहे.

हे राज्य सौम्य होते, असे माझे म्हणणे नाही. शिक्षकाने मुलांना गोड खोटे सांगू नये, तसे वाचकांनाही सांगू नये. लढायांत गावे जळत, माणसे गुलाम म्हणून नेली जात, देवळे पाडली जात. सरदारांच्या आपसातील भांडणांची किंमत रयतेला द्यावी लागे. मूर्ती लपविल्याच्या व देव दुसऱ्या गावी हलविल्याच्या ज्या कथा गावोगाव सांगतात, त्या सगळ्याच पोकळ नसणार. स्वराज्याची हाक उठली तेव्हा ती लोकांच्या अंतःकरणास का भिडली, याचे कारण या दुःखात आहे.

परंतु हेही तितकेच खरे, की मूठभर परदेशी सरदारांच्या बळावर एवढा मुलूख साडेतीनशे वर्षे चालत नसतो. तो चालविणारे हात येथलेच होते. गावात पाटील, कुलकर्णी व खोत, परगण्यात देशमुख, देसाई व देशपांडे, गडावर नाईकवाडी. जावळीचे मोरे, शृंगारपूरचे सुर्वे, वाडीचे सावंत, फलटणचे निंबाळकर ही घराणी याच अमदानीत नांदली. शहाजीराजांसारखा थोर पुरुष प्रथम निजामशाहीत व पुढे आदिलशाहीत सरदार होता. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) तर महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत लिहिण्याची चाल पाडली, असे फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. फारसी मजकुराखाली मोडीत मराठी मजकूर असलेली आदिलशाही फर्माने उपलब्ध आहेत. आपल्या लिहित्या पूर्वजांना दप्तरात जागा मिळाली ती या वाटेने. मराठी ही केवळ ओवी-अभंगांची भाषा न राहता वसुलीची, निवाड्याची व हिशेबाची भाषा झाली, तीही या दप्तरांतच. पुढे स्वराज्याला कारभारी मिळाले, ते आकाशातून पडले नाहीत. याच शाळेत ते शिकले होते.

त्या घराण्यात रसिक पुरुषही झाले. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) याला लोक जगद्गुरू म्हणत. त्याने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला. त्यात सरस्वती व गणपती यांचे स्तवन आहे. त्याच्या आवडत्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान होते. मुसलमान सुलतान सरस्वतीची स्तुती गातो, हे शाळेत सांगितले म्हणजे मुले चकित होत. त्याचा पुत्र मुहंमद आदिलशहा याची कबर म्हणजे गोलघुमट. त्याचा व्यास बाहेरून सुमारे १४४ फूट आहे, आणि आत कुजबुजले तरी पलीकडच्या बाजूस ऐकू येते. तो घुमट व ती कमान आपल्या गवंड्यांनी उचलली आणि मराठेशाहीतील कित्येक देवळांवर चढविली. कोकणातल्या घुमटाकार शिखराच्या देवळात आपण हात जोडतो, तेव्हा ती बांधणी कोठून आली, हे कोणी विचारीत नाही. आणि देवालाही त्याची अडचण झालेली दिसत नाही.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, तिच्याबरोबर काय काय चालते ते मनाशी मोजून पाहा. पुढे निशाण, हा शब्द फारसी. नगारा, हा अरबी. सनई, ही फारसी ‘शहनाई’. मशाल, अरबी. वर अबदागीर, मूळ फारसी ‘आफ्ताबगीर’, म्हणजे ऊन अडविणारे. उधळतो तो गुलाल. तोही फारसी घरचा. राजाला जो मान, तोच आपल्या देवाला, या भक्तिभावाने आपल्या पूर्वजांनी दरबारातले सारे वैभव देवीच्या पालखीपुढे आणून ठेवले. याला मी गुलामगिरी म्हणणार नाही. पातशहाच्या दारचा नगारा आपल्या देवीच्या दारी वाजविणे, यात मला आपल्या माणसांची हिंमत दिसते.

आडनावेही तीच साक्ष देतात. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. हवालदार, मुजुमदार ही नावे त्याच दप्तरातली. सरदेसाई या नावात ‘सर’ फारसी आणि ‘देसाई’ देशी. संत एकनाथांनी तर ‘अर्जदास्त’ नावाचे भारूड लिहिले. सरकारी अर्जाचा साचा घेऊन त्यात परमार्थ भरला. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्याचे किल्लेदार, म्हणजे सुलतानाचेच चाकर. त्यांच्या साधुत्वाला त्या चाकरीने कमीपणा आला नाही.

आता कोणी म्हणेल, शिवछत्रपतींनी तर ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्द काढून टाकले. मग आपण का काढू नयेत? प्रश्न रास्त आहे. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून तो कोश करविला आणि राज्यकारभाराला संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचा परिणामही झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ व १७२८ या सालांचे कागद ताडून दाखविले, की पहिल्यात शंभर शब्दांत ऐंशींहून अधिक फारसी होते, तर शेवटच्यात दहांहूनही कमी उरले. स्वभाषेचा अभिमान कसा धरावा, याचा हा उत्तम धडा आहे. परंतु महाराजांनी पुढचे कागद नव्या भाषेत लिहविले. जुन्या कागदांतील शब्द खोडून टाकले नाहीत. जुनी इनामे ‘पूर्वीपासून चालत आले आहे तैसे’ चालविताना आधीच्या अमलाचे कागद पुराव्यास घेतले. दर्गे व मशिदी यांच्या दिवाबत्तीची इनामेही चालू ठेवली. ज्याने नवे राज्य निर्माण केले, त्याला जुन्या कागदाची भीती वाटली नाही. ती आपल्याला का वाटावी?

आणि गाळावयाचे तरी किती? ज्या सभेत ती सूचना आली, त्या सभेचे इतिवृत्त मी मुद्दाम चाळले. ‘सभासद हजर’, ‘अहवाल वाचला’, ‘जमाखर्च मंजूर’, ‘हिशेब’, ‘बाकी’, आणि शेवटी ‘सभा तहकूब’. हे सारे शब्द अरबी-फारसी. ते लिहिले कागदावर, शाईने. हेही शब्द तिकडचेच. सूचना मांडणाऱ्या तरुण मित्राला हे दाखविले, तेव्हा तो मोकळेपणाने हसला. मीही हसलो. परंतु हसून झाल्यावर मला जे आठवले, त्याने माझे हसू मावळले.

आता ती कबुली देतो. सभेत आमचे वतनपत्र मी वाचले, ते पूर्ण वाचले नाही. पातशहाचे नाव वाचले, पूर्वजाचे नाव वाचले, मानपान वाचले. त्याखाली चार ओळी आहेत. त्यांत गावच्या कुळांनी दर घरामागे खोताच्या शेतात किती दिवस वेठ करावी, लाकूडफाटा किती घालावा, हे लिहिले आहे. त्या ओळींवरून माझे बोट सरकले आणि आवाज पुढच्या ओळीवर गेला. कोणाच्या लक्षात आले नाही. समोर बसलेल्या बांधवांत काही घरे पूर्वी खोतांची, तर काही त्यांच्याच कुळांची होती, हे मला ठाऊक होते. ज्यांच्या पणजोबांनी ती वेठ केली, त्यांच्यापुढे ती ओळ वाचण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हा यावनी उल्लेख गाळा म्हणणारा तो तरुण आणि वेठीच्या ओळी गाळणारा मी, यांत फरक कोणता? फरक एवढाच, की त्याने उभे राहून उघड सांगितले आणि मी गुपचूप केले. त्याला परक्याच्या राज्याची लाज वाटली. मला स्वकीयांनी स्वकीयांवर केलेल्या जुलमाची. विजापूरची आदिलशाही १६८६ साली औरंगजेबाने बुडविली. त्याआधीच, १६६१ च्या सुमारास, दाभोळ, संगमेश्वर व राजापूर हा मुलूख महाराजांच्या हाती आला होता. मागून पेशवाई गेली, इंग्रजी आली. राज्ये बदलली, पण कुळाच्या पाठीवरचा भार पुरता उतरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले. आणि १९४९ च्या कायद्याने खोती खरोखर गेली. म्हणजे सुलतान जाऊन अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती वेठीची ओळ जिवंत होती. ती जिवंत ठेवणारे हात कोणा यवनाचे नव्हते.

यातून मला उमगले ते असे. भूतकाळातले दुःख सारे परक्याच्या माथी आणि मान सारा आपल्या माथी, अशी वाटणी करून लिहिलेला कागद इतिहास नव्हे, ती स्तुतिपाठकाची बखर झाली. तसेच सुलतानांच्या राज्याचा हिशेब आजच्या शेजाऱ्याच्या दारी नेणेही अन्यायाचे आहे. कोकणातला मुसलमान समाज पुष्कळसा समुद्रावरच्या व्यापारातून येथे रुजला. बहमनी राज्याच्या चारशे वर्षे आधी चौलच्या बंदरात अरब व्यापाऱ्यांची वस्ती असल्याचे अल-मसूदी या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. ते आपल्यासारखीच कोकणी बोली बोलतात, त्याच पावसात भिजतात आणि त्याच मासळीच्या भावाने हैराण होतात.

म्हणून माझी मंडळास नम्र विनंती आहे, की सनदा छापावयाच्या तर अक्षरशः छापाव्यात. साल अरबी असेल तर अरबी, शिक्का पातशहाचा असेल तर पातशहाचा, आणि वेठीची ओळ असेल तर वेठीची ओळही. शेजारी अर्थ द्यावा, म्हणजे मुलांना समजेल. आमच्या घरची नक्कल मी पूर्ण उतरून, त्या चार ओळींसह, कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. पुढील सभेत ती मीच वाचेन, आणि या वेळी बोट सरकू देणार नाही.

दुसरी विनंती सर्व सभासद कुटुंबांस. आपल्या माळ्यावर, देवघराच्या फळीवर, जुन्या पेटीत मोडी कागदांची रुमाले असतील. वाळवी व पावसाळा यांना सनद आणि रद्दी यांतला भेद कळत नाही. निदान आपल्याला तो कळावा. घर पाडून नवे बांधताना ती रुमाले गड्याच्या हाती शेकोटीस जाऊ देऊ नका. वाचता येत नसतील तर मजकडे आणा. मिरजोळ्यास माझे घर सर्वांस ठाऊक आहे. दृष्टी आता पूर्वीसारखी नाही, पण भिंग आहे, आणि सकाळचा उजेड पडवीत चांगला येतो. कोणाची नात-नातू शिकू इच्छीत असतील, तर त्यांना बरोबर आणावे. आजोबांनी मला दिले ते कोणाच्या तरी हाती देऊन मोकळे व्हावे, एवढीच आता इच्छा उरली आहे.

लेखात न्यून असेल ते जाणत्यांनी दाखवून द्यावे. ज्ञातिबांधवांस नवे वर्ष सुखाचे जावो.